कॉलम सात: शक्ती (वॅटमध्ये)

४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.४०

आजपासून रोज लिहायचं. ज्याच्या हातून काही मोठं होणार आहे त्याच्याकडे नोंदी हव्यात.

काल रेडिओ क्लबची मीटिंग. डोंगरावरच्या आरोग्य केंद्राला रेडिओ सेट मिळतोय. पावसात तिथला रस्ता बंद पडतो आणि त्याच्या आधी फोन बंद पडतो, म्हणून. केंद्राची इनचार्ज सिस्टर म्हणजे माझी सख्खी ताई. तिच्याशी बोलायला खाली शहरातलं एक स्टेशन कायमचं नेमायचं आहे. बेस स्टेशन. ते माझं नाही तर कुणाचं?

फॉर्म वाटले. कॉलम एक ते सहा किरकोळ. नाव, पत्ता, लायसन्स वगैरे. कॉलम सात: ट्रान्समीटरची शक्ती (वॅटमध्ये). खरा कॉलम हाच.

हिशेब केला. सेटला १३.८ व्होल्ट, बोलताना १५ अँपिअर ओढतो. गुणाकार २०७. वरचे सात सोडून दिले, उगाच दिखाऊपणा नको. २०० लिहिले. अक्षरीसुद्धा.

दुसरा अर्ज टायपिस्ट बाईंचा. कोर्टातून रिटायर झालेल्या, वय सदुसष्ट, सेट टिफिनच्या डब्याएवढा. वीस वॅट. मला त्यांची खरंच दया येते.

संकल्प: (१) रोज पहाटे सेटवर बसणे. (२) क्लबमध्ये कमी बोलणे. (३) अँटेनाची केबल एकदा तपासणे.

५ ऑगस्ट, सोमवार. रात्री ८.१५

पहाटे बसलो नाही. काल जास्त बसलो होतो.

फॉर्म बोटवाल्या काकांकडे दिला. काका क्लबचे अध्यक्ष, पस्तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. कॉलम सात बघून चष्मा पुसला. म्हणाले, हे सेटच्या पोटात जातं ते झालं. बाहेर किती येतं? मी म्हटलं, काका, बावीस वर्षं वीज कंपनीत लोकांचे मीटर वाचतोय. मला वॅट सांगता? ते म्हणाले, तेच तर. तू कायम आत येणारी वीज मोजलीस. अर्ध्याअधिक विजेची नुसती ऊब होते, सेटच्या पाठीवर हात ठेवून बघ.

घरी येऊन हात ठेवला. चटका बसला.

ठीक. सेटच्या पुस्तकात आउटपुट १०० लिहिलंय. परत काकांकडे जाऊन २०० खोडून १०० केले. ही माघार नाही, दुरुस्ती आहे. १०० आकडा दिसायलाही जास्त भरदार वाटतो.

७ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ७.३०

वॅटमीटर आणला. सेट आणि केबलच्या मधे जोडायचा. काटा थेट शक्ती दाखवतो. उद्याच काकांना फोटो पाठवायचा ठरवलं.

७.४०. माइकवर बोललो. काटा वीसवर. परत बोललो. अठरा. मीटर खराब.

७.५५. मीटर खराब नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, माणूस बोलताना आवाज सारखा वरखाली होतो, मधे श्वास घेतो, थांबतो. हा काटा सरासरी दाखवतोय. मी म्हटलं, मला सरासरी नकोय. तो म्हणाला, मग मागचं बटण दाबा. शिखर दाखवेल. आवाज सगळ्यात चढतो त्या क्षणाला किती, ते.

बटण दाबलं. माइकसमोर 'आऽऽऽऽ' केलं. पंचाण्णव! परत केलं. अठ्ठ्याण्णव! आणखी जोरात. शंभर!

ही आतल्या खोलीतून आली. ही घरी शिवणकाम करते. गळ्यात टेप होती, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाली, घसा दुखतोय का? मी सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे पोट आत घेऊन माप दिल्यासारखं झालं. मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, तसंच आहे, रोज येतात अशी गिऱ्हाइकं. मग शर्ट घालून श्वास सोडला की बटण तुटतं आणि दोष माझ्यावर येतो.

बायकोला शास्त्र समजावण्यात अर्थ नाही. पण ते मागचं बटण! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, त्याचे पाय धरावेसे वाटतात.

१० ऑगस्ट, शनिवार. दुपारी १.००

खालच्या मजल्यावरचे मॅनेजर वर आले होते. बँकेतले रिटायर्ड, हात मागे बांधून बोलतात. त्यांच्या म्युझिक सिस्टीममधून माझा आवाज येतो म्हणे. काल सतार ऐकत होते आणि ऐन आलापात मी 'हॅलो टेस्ट, हॅलो टेस्ट' म्हणालो. सिस्टीम बंद होती तरी बुधवारी 'आऽऽऽ' ऐकू आलं.

शांतपणे त्यांना सेटसमोर उभं केलं. मागचं बटण सोडलं. बोलून दाखवलं. काटा वीसवर. म्हटलं, साहेब, तुमच्या बाथरूमचा बल्ब साठचा आहे. वीस वॅटनी कुणाला कधी त्रास झालाय? ते काट्याकडे बघत राहिले. म्हणाले, तुमचे ते अध्यक्ष काल गेटवर भेटले, ते तर शंभर म्हणत होते.

मी म्हटलं, ते वेगळ्या पद्धतीने मोजतात.

ते म्हणाले, बँकेत आम्ही अशा दोन वह्या ठेवणाऱ्याला सस्पेंड करायचो. आणि गेले. माणूस चिडका आहे. यात विसंगती काहीच नाही. तक्रारीला सरासरी, क्लबला शिखर. ज्याला जे लागतं ते द्यावं.

११ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११.२०

केबल तपासणार होतो. पण आज त्याहून मोठी गोष्ट सापडली.

मीटरवर आणखी एक खटका आहे. अँटेनाकडे गेलेल्या शक्तीतली किती परत फिरून येते ते दाखवतो. परत येणं वाईट. म्हणजे अँटेना नीट पित नाही. चांगल्या चांगल्यांचं दहा टक्के परत येतं. माझं? जवळजवळ शून्य! काटा जागचा हलला नाही. गेलं ते गेलंच! याला म्हणतात अँटेना. मी स्वतः बांधलीय, टाकीच्या वर.

राहवलं नाही. बाईंना फोन केला, सहज. त्यांची अँटेना कशी काय म्हणून. त्या म्हणाल्या, थोडं परत येतं हो, चालायचंच. मी माझा आकडा सांगितला. बाईंनी तो परत विचारून घेतला. मग म्हणाल्या, इतकं चांगलं? केबल किती जुनी आहे तुमची?

मत्सर. या वयातही सुटत नाही माणसाला.

केबल उत्तम आहे. पंचावन्न मीटर. केबल टीव्हीवाल्याने धंदा बंद केला तेव्हा तो फेकून देणार होता, मी गुंडाळी उचलून आणली. गच्चीवरून सरळ खाली आणायला सोसायटीने परवानगी दिली नाही, म्हणून ती पाइपांच्या मागून, मॅनेजरांच्या खिडकीवरून, जिन्याला वळसा घालून येते. मधे दोनच जोड. दोन्हींना चिकटपट्टी आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार. रात्री ९.००

झोप नाही, भूक नाही. घरात येरझाऱ्या घालतोय म्हणून ही म्हणाली, फिरायचंच असेल तर जाता जाता बॉबिन आणा.

दुकानात उभा असताना सुचलं. अँटेना शक्ती सगळीकडे सारखी फेकत नाही. वर, जमिनीत कमी, समोर जास्त. त्या दिशेला उभा राहणाऱ्याला वाटतं मोठा ट्रान्समीटर आहे. यालाही मोजायची पद्धत आहे, पुस्तकात दिलीय. आलेली शक्ती गुणिले अँटेनाचा फायदा. माझ्या अँटेनाचा फायदा १.६ पट. शंभराचे झाले एकशे साठ. टाकीच्या उंचीचे चाळीस मी अनुभवावरून धरले.

दोनशे! म्हणजे पहिल्या दिवशी बरोबरच होतो. फक्त रस्ता चुकला होता.

बॉबिन विसरलो.

९.४०. काकांकडे जाऊन कॉलम सात दुरुस्त केला. तिथे आता जागा उरलेली नाही. २०० खोडून १००, ते खोडून २००. काका म्हणाले, गुणाकार बरोबर आहे, पण अँटेनापाशी किती पोचते त्याला गुणायचं असतं. पोचते किती? मी म्हटलं, शंभर निघते म्हणजे शंभर पोचते. रस्त्यात कोण घेणार? ते म्हणाले, एकदा वर जाऊन मोजूया का? म्हटलं, रविवारी नक्की.

जाता जाता ते म्हणाले, येत्या रविवारी ताईंचा सेट सुरू होईल. मग बेस स्टेशन ठरेपर्यंत रोज एकाने सकाळी नऊ ते दुपारी एक ऐकत बसायचं. मी लगेच बुधवारची पाळी मागून घेतली. बाकीचे त्या दिवशी मोकळे. काकाही लेकीकडे जाणार आहेत. मी म्हटलं, बुधवारी तुम्ही सगळे सेट बंद ठेवा. ताई आणि मी बघून घेऊ.

१८ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ६.१०

केबल तपासली नाही. गच्चीची किल्ली मॅनेजरांकडे असते.

आज ताईच्या सेटची पहिली टेस्ट. बाकी सगळा क्लब काकांच्या घरी ऐकायला जमला होता, मी आणि बाई आपापल्या घरून. ठीक दहाला ताईचा आवाज आला. काय स्वच्छ! शेजारी बसल्यासारखा. मागे जनरेटरचा घरघराट. मी म्हटलं, ताई, मी बोलतोय, ओव्हर.

ती म्हणाली, कुणीतरी आहे, घुमल्यासारखं येतंय. कोण बोलतंय?

मी परत म्हटलं. ती म्हणाली, काही कळत नाही. भोंग्या, तू आहेस का?

लहानपणी मी फार मोठ्याने रडायचो म्हणून हे नाव. अख्ख्या क्लबने ऐकलं.

मग बाई बोलल्या. फक्त दोन वाक्यं. ताई म्हणाली, हां, तुम्ही अगदी नीट येताय.

कारणं: (१) तिचा जनरेटर. त्याची खरखर तिच्या सेटमध्ये शिरते. (२) ढग. (३) बायकांचा आवाज मुळातच बारीक असतो, खरखरीतून निसटून जातो.

३.३० ला उपाय केला. माइकचं बटण पूर्ण फिरवलं. आता साधं बोललं तरी सरासरीचा काटा साठ दाखवतो! काकांचा फोन आला. म्हणाले, आत्ता पाण्यात बुडणारा माणूस ओरडत होता तो तू का? बटण मागे घे. काटा वाढला म्हणजे शब्द वाढत नाहीत.

बटण मागे घेतलं. थोडंसं.

बेस स्टेशनचा निर्णय पुढच्या रविवारी. आजची टेस्ट अनिर्णित मानायला हरकत नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ९.०५

पाळीवर. कामावरून सुट्टी काढलीय. काल रात्रीपासून मुसळधार. डोंगरावर दरड कोसळली, रस्ता बंद, फोन बंद. रेडिओवरच्या सकाळच्या बातमीत सांगितलं. वेळ आलीच आहे. सेट गरम करून ठेवलाय. पाण्याचा तांब्या, वही, दोन पेनं.

१०.२०. काही नाही. चार वेळा उठलो, चार वेळा बसलो.

१०.३५. ताई! दरड उपसणाऱ्या डोझरच्या ड्रायव्हरच्या पायावर दगड आला. गुडघ्याखाली चिरडलाय. रक्त थांबवलंय, पण बारा-एक तासांत ऑपरेशन झालं नाही तर पाय जाईल. चार माणसं झोळीत घालून त्याला खाली आणायला तयार आहेत. उतरायला वाटा दोन, एक पुलाकडे, एक लाकडाच्या वखारीकडे. दोन्ही तीन तासांच्या, एकमेकींच्या उलट दिशेला. हॉस्पिटलची गाडी कुठल्या बाजूला पोचू शकेल ते विचारून सांगा. बारा वाजेपर्यंत उत्तर आलं नाही तर पुलाकडे निघतो.

१०.४१. हॉस्पिटलला फोन लागला. त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने स्वतः सांगितलं, पूल पाण्याखाली आहे. पुलाकडे येऊच नका. गाडी वखारीपाशी उभी राहील.

१०.४३. सांगितलं. वखारीकडून या, पुलाकडून नको. ओव्हर.

१०.४४. ताई विचारतेय, कुणी ऐकतंय का?

१०.४५. परत सांगितलं. शिखराचा काटा शंभर.

१०.५२. पाच वेळा सांगून झालं. ती विचारतेय, कुणी आहे का? मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय.

११.०५. माइक पूर्ण. काटा साठ-सत्तर. काहीच परत येत नाही, सगळं जातंय. मग जातंय कुठे?

११.१८. ती म्हणाली, खाली कुणी नाही वाटतं. हे तिने मला नाही सांगितलं, तिथल्या कुणाला तरी सांगितलं. माइकचं बटण दाबलेलं राहिलं होतं.

११.२५. दार वाजलं. मॅनेजर. पायात चप्पल नाही. मी म्हटलं, साहेब, आत्ता भांडू नका. ते म्हणाले, भांडायला नाही आलो. वखारीकडून या, पुलाकडून नको. मला अकरा वेळा ऐकू आलं. खाली स्पीकरवर घड्याळाच्या टोल्यासारखं येतंय. ज्याला सांगताय त्याला पोचत नाहीये का?

मी म्हटलं, पोचेल.

ही दारात उभी होती. म्हणाली, बाईंना फोन करा.

मी म्हटलं, पाळी माझी आहे. एक मिनिट थांब. त्यांचे वीस वॅट आहेत, माझं जात नाही तिथे त्यांचं काय जाणार?

ती म्हणाली, रविवारी गेलं होतं.

११.३२. परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द तोडून. व-खा-री.

११.३८. ताई म्हणाली, झोळी बांधायला घ्या.

११.४०. हिने मला विचारलं नाही. माझ्या वहीतून नंबर घेऊन बाईंना फोन लावला. बाई कपडे वाळत घालत होत्या. सेट बंद होता. मीच सांगितलं होतं बंद ठेवा म्हणून.

११.४६. बाई रेडिओवर आल्या. दोन वाक्यं. ताई म्हणाली, मिळालं. वखारीकडे निघतो. देव तुमचं भलं करो, कोण आहात तुम्ही?

११.४७. संदेश पोहोचला. बेस स्टेशनमार्फत समन्वय पूर्ण.

११.५०. वरची ओळ खोडली.

मॅनेजर अजून दारात होते. हिने त्यांना पाणी दिलं. मग मला दिलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार. रात्री ८.००

डोझरचा ड्रायव्हर तीनच्या सुमाराला वखारीपाशी पोचला. रात्री ऑपरेशन झालं. पाय राहिला. हॉस्पिटलमधून कळलं.

दिवसभर कामावर होतो. एका घरात रीडिंग चुकीचं लिहिलं. त्या घरातल्या बाईने दाखवून दिलं तेव्हा तिच्यावरच डाफरलो.

विचार करता असं वाटतं की एकंदरीत पद्धत यशस्वी झाली. ताईचा आवाज कुणी पकडला? मी. हॉस्पिटलला फोन कुणी केला? मी. फक्त शेवटचा टप्पा दुसऱ्या स्टेशनने केला. टीमवर्क.

हिला हे सांगितलं. ती काजं करत होती. म्हणाली, एकोणसाठ मिनिटं.

मी म्हटलं, कसली?

ती म्हणाली, हॉस्पिटलच्या फोनपासून मी बाईंना फोन करेपर्यंत. वहीत तुम्हीच लिहिलंय.

तिने ही वही वाचली. यापुढे कुलपात ठेवायची.

२५ ऑगस्ट, रविवार. दुपारी ४.००

काका आले. बरोबर एक डबा घेऊन. डब्यात तेलात बुडवलेला एक मोठा रेझिस्टर. अँटेनाच्या जागी तो जोडायचा. सगळी शक्ती तो गिळतो, हवेत काही जात नाही, शांतपणे मोजता येतं. बाईही आल्या. मी बोलावलं नव्हतं. मॅनेजरांनी गच्चीचं दार उघडून दिलं आणि उभे राहिले.

आधी खाली, सेटपाशी मोजलं. शंभर. मी सगळ्यांकडे बघितलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

मग मीटर आणि डबा वर नेला, केबलच्या दुसऱ्या टोकाला. मी खालून एकसारखा सूर सोडला आणि वर पळत गेलो. तीन मजले. पोचलो तेव्हा ही मीटर धरून बसली होती. काका आकडा सांगायला तयार नव्हते. हिने सांगितला. साडेतीन.

मी म्हटलं, साडेतीन काय?

ती म्हणाली, वॅट.

काकांनी चिकटपट्टी काढली. जोडातून पाणी गळालं. चमचाभर नाही, वाटीभर. आतली तांब्याची जाळी हिरवी पडून भुगा झाली होती. काका म्हणाले, वर्षानुवर्षं पाणी पितेय. आणि परत काही येत नव्हतं त्याचं कारण तुझी अँटेना नाही. जाताना केबलने खाल्लं, येताना उरलेलं खाल्लं. परत येणार कुठून? बाई खाली बघत होत्या. फोनवर केबलबद्दल विचारलं होतं, त्याचा त्यांनी एका शब्दाने उल्लेख केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

मॅनेजर म्हणाले, म्हणजे माझ्या खिडकीपाशी जी फाटली आहे, तिथून...? काका म्हणाले, हो, थोडी तिथून सांडते. तुमचा स्पीकर जवळ पडतो.

मी विचारलं, मग मला ताई एवढी स्पष्ट कशी येते? काका म्हणाले, आपल्याकडे खरखर कमी आहे, त्यामुळे थोडं आलं तरी पुरतं. तिच्याकडे जनरेटर आहे. ऐकणं सोपं असतं रे.

एका सेटचे किती आकडे! पोटात जातात दोनशे सात. निघतात शंभर. बोलताना सरासरी वीस. कागदावर अँटेनाच्या फायद्यासकट दोनशे. पोचतात साडेतीन. एकही खोटा नाही. काका म्हणाले, पद्धती सगळ्या बरोबर आहेत, फक्त आकड्याबरोबर कुठे मोजलं ते सांगायचं असतं.

फॉर्मवर जागा नव्हती, म्हणून त्यांनी समासात लिहिलं: अँटेनापाशी ३.५. खाली माझी सही घेतली.

बेस स्टेशन बाईंकडे. मी टाळ्या वाजवल्या. पहिला मीच.

२८ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ७.२०

डोंगरावरचे फोन सुरू झाले. पहिला फोन ताईचा.

ड्रायव्हर कुबड्या घेऊन चार पावलं चालला म्हणे. त्याच्या बायकोने केंद्रावर येऊन सगळ्यांच्या पाया पडायचा सपाटा लावला. ताई आनंदात होती, मला बोलू देत नव्हती. म्हणाली, त्या बाईंचा आवाज काय खणखणीत आला रे! एक शब्द निसटला नाही. केवढा सेट आहे त्यांचा?

मी म्हटलं, वीस वॅट.

ती म्हणाली, नुसत्या वीसात एवढा? मग तुझा शंभराचा तर कान फाडेल. कधी सुरू करतोयस?

मी म्हटलं, केबल बदलायचं चाललंय.

ती म्हणाली, बदल लवकर. आणि काय रे, त्या दिवशी मी तासभर हाका मारत होते. खाली कुणीच नव्हतं. मला वाटलं होतं, निदान तू तरी असशील. होतास कुठे?

सांगायचं ठरवलं होतं. दोन दिवस तोंडपाठ करत होतो. सेटपाशीच होतो, तुझा श्वास ऐकू येत होता, बारा वेळा सांगितलं, सगळं.

मी म्हटलं, ड्युटीवर होतो.

ती म्हणाली, हो रे, बुधवार ना, तुला कुठली सुट्टी. मीही वेडी. आणि जेवलास का ते विचारलं.

फोन ठेवला. आतल्या खोलीत हिचं शिवणाचं मशीन थांबलेलं होतं. कधी थांबलं ते कळलं नाही.